लास्करशी न झालेला सामना

१९१२ या एका वर्षात अकिबा रुबिनस्टाईनने पाच स्पर्धा जिंकल्या. स्पेनमध्ये सान सेबास्तियन, तेव्हाच्या हंगेरीत पिश्त्यानी, जर्मनीत ब्रेस्लाऊ आणि रशियन साम्राज्यात वॉर्सा व विल्ना. ब्रेस्लाऊला पहिला क्रमांक ओल्द्रिख दुरासबरोबर वाटून घ्यावा लागला, बाकी ठिकाणी वर तो एकटाच होता. त्या काळी मोठी स्पर्धा म्हणजे परक्या गावी हॉटेलात आठवडेच्या आठवडे मुक्काम, रोज नवा प्रतिस्पर्धी आणि अर्धवट राहिलेले डाव दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडून खेळणे. एका वर्षात हे पाचदा करायचे आणि पाचही वेळा पहिले यायचे, असे तोवर कुणाला जमले नव्हते. त्या वर्षी जगातला सर्वांत भक्कम खेळाडू तोच होता असे मी मानतो. पण जगज्जेतेपदासाठी तो तेव्हाही खेळला नाही आणि पुढेही कधी नाही.

याचे कारण समजून घ्यायचे तर त्या पदाची तेव्हाची व्यवस्था पाहावी लागते. किताब कुठल्याही संस्थेच्या ताब्यात नव्हता. फिडे ही जागतिक संघटना स्थापन झाली १९२४ मध्ये पॅरिसला, आणि जगज्जेता ठरवण्याचा अधिकार तिच्या हाती आला तो थेट १९४८ मध्ये. त्याआधी किताब ज्याच्याकडे असे त्याच्या मर्जीने सगळे चाले. आव्हान देणाऱ्याने बक्षिसाची रक्कम उभी करायची, त्यासाठी श्रीमंत आश्रयदाते गाठायचे, आणि किती डाव, कुठे, कोणत्या अटींवर हे जगज्जेत्याशी घासाघीस करून ठरवायचे. १८९४ पासून किताब इमॅन्युएल लास्करकडे होता. लास्कर पैशाच्या बाबतीत कडक होता आणि त्याला कारण होते. त्याच्या आधीचा जगज्जेता विल्हेल्म स्टाइनिट्झ १९०० साली न्यूयॉर्कमध्ये हलाखीत वारला. आपली ती गत होऊ नये म्हणून लास्कर स्वतःच्या खेळाचे मोल पुरेपूर मागत असे, आणि यासाठी त्याला दोष देणे मला जमत नाही. पण अनोळखी माणसांत वावरताना ज्याचा जीव घुसमटत असे, त्याला दारोदार आश्रयदाते शोधायला लावणारी ही पद्धत किती जड गेली असेल, हे लक्षात घेतल्याशिवाय रुबिनस्टाईनचे आयुष्य कळत नाही.

त्याचा जन्म १८८० चा, पोलंडमधल्या स्ताविस्की या लहानशा गावातला. पोलंड तेव्हा झारच्या अमलाखाली होता. ज्यू कुटुंबातल्या बारा मुलांतला हा एक, आणि त्या बारांपैकी मोठेपण पाहायला मिळाले ते त्याला आणि एका बहिणीला. घरच्यांची इच्छा अशी की त्याने धर्मग्रंथ शिकून रब्बी व्हावे, आणि शिक्षणही त्याच वाटेने चालले होते. बुद्धिबळ त्याला भेटले ते वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास. थोर खेळाडूंच्या चरित्रांत हे वय फार उशिराचे. पुढे जगज्जेता झालेला कापाब्लांका चार वर्षांचा असताना वडिलांचा खेळ पाहून शिकला होता. रुबिनस्टाईनने मात्र पोथीपुढे बसण्याची सवय तेवढी पटावर आणली. एकच स्थिती घेऊन तिच्यात तासन् तास बुडून जायचे, हे त्याला आधीपासून येत होते.

गाव सोडून तो लोद्झला आला. लोद्झ म्हणजे तेव्हा कापडगिरण्यांचे शहर, आपल्या एकेकाळच्या लालबाग-परळसारखे भोंग्यावर चालणारे. तिथे गेर्श साल्वे नावाचा नाणावलेला खेळाडू होता. त्याच्याशी खेळून, हरून, पुन्हा खेळून रुबिनस्टाईन तयार झाला. १९०३ मध्ये दोघांचा सामना बरोबरीत सुटला, पुढच्याच वर्षी त्याने साल्वेला हरवले. १९०५ मध्ये बार्मेनला दुय्यम गटात तो दुरासबरोबर पहिला आला आणि १९०७ मध्ये कार्ल्सबादला एकवीस जणांच्या मुख्य स्पर्धेत वीस डावांत पंधरा गुण घेऊन थेट अव्वल ठरला. दुय्यम गट ते कार्ल्सबादचे विजेतेपद या प्रवासाला दोन वर्षे लागली.

त्याच १९०७ च्या डिसेंबरात लोद्झमध्ये तो गावातल्याच जॉर्ज रोतलेवी या तरुण खेळाडूशी खेळला. रुबिनस्टाईनकडे काळी सोंगटी. सुरुवातीला दोन्हीकडची मांडणी जवळजवळ आरशातल्यासारखी सारखी होती, फक्त रोतलेवीने वजीर आणि उंट हलवण्यात दोन चाली वाया घालवल्या. तेवढ्या अवधीत रुबिनस्टाईनचे दोन्ही उंट लांबून पांढऱ्या राजाच्या किल्लेकोटावर रोखले गेले, दोन्ही हत्ती मोकळ्या पट्ट्यांवर येऊन बसले, घोडा राजाच्या अंगणात शिरला आणि वजीर त्याच्या शेजारी आला. बाविसाव्या चालीला रोतलेवीने प्यादे पुढे सरकवून वजिरावर मारा केला. रुबिनस्टाईनने वजीर हलवलाच नाही. त्याने हत्तीने पलीकडचा घोडा मारला. रोतलेवीने वजीर घेतला. तेव्हा दुसरा हत्ती सरळ पांढऱ्या वजिरापुढे येऊन उभा राहिला, घ्या म्हणून. तो घेतला तर उंटाचा शह, वजीर मध्ये घालावा तर पहिला हत्ती राजाच्या बाजूला आडवा सरकतो आणि मात टळत नाही. दुसरा उंट राजाची पळवाट आधीच अडवून बसलेला. पंचविसाव्या चालीला रोतलेवीने डाव सोडला.

हा डाव ‘रुबिनस्टाईनचा अमर डाव’ म्हणून जगभर छापला गेला. तो सुंदर आहेच. पण तेवढाच पाहून थांबणाऱ्याला रुबिनस्टाईन निम्मादेखील कळत नाही, कारण अशी आतषबाजी त्याचा नेहमीचा पोत नव्हता. नेहमीचा पोत पाहायचा तर १९०९ च्या सेंट पीटर्सबर्गला जावे.

मिखाइल चिगोरिनच्या स्मरणार्थ भरलेली ही स्पर्धा. एकोणीस खेळाडू, त्यांत खुद्द लास्कर. तिसऱ्या फेरीत दोघांची गाठ पडली, रुबिनस्टाईनकडे पांढरी सोंगटी. सुरुवातीलाच चकमक उडाली. लास्करने हत्तीने घोडा मारला, रुबिनस्टाईनने उलट हत्ती देऊन काळ्या राजापुढचे कवच फोडले आणि मग अठराव्या चालीला वजीर शांतपणे पहिल्या ओळीवरच एक घर बाजूला सरकवला. हल्ला रंगात असताना वजीर नुसता बाजूला सरकवण्याची ही चाल मला त्या सबंध डावाचे मर्म वाटते. तिथून तो एकाच वेळी लास्करच्या हत्तीवर आणि उघड्या पडलेल्या राजावर नजर ठेवून होता. वजिरांची मारामारी होऊन हत्ती-प्याद्यांचा शेवट उरला, रुबिनस्टाईनकडे एक प्यादे जास्त. हत्तीच्या शेवटात एक प्यादे जास्त असूनही डाव बरोबरीत सुटणे ही रोजची गोष्ट, आणि समोर लास्कर, जो असे डाव वाचवण्यात वाकबगार. रुबिनस्टाईनने हत्ती सहाव्या ओळीवर आणून बसवला. त्याने लास्करचा हत्ती एका प्याद्याच्या राखणीला जखडला गेला आणि राजाला पुढे यायची वाट उरली नाही. मग पांढरी प्यादी आणि राजा घाई न करता वर चढत गेले. चाळिसाव्या चालीला त्याने कडेचे प्यादे एकच घर पुढे टाकले आणि लास्करने डाव सोडला. पटावर धमकी अशी काही नव्हती, फक्त लास्करची पाळी होती, आणि जे हलवावे त्याने घर कोसळणार होते.

त्याच स्पर्धेत एरिख कोनविरुद्धचा त्याचा डाव पाठ्यपुस्तकांत गेला. दोन्हीकडे प्यादी सारखी. रुबिनस्टाईनने उरलेल्या हत्तींची अदलाबदल घडवून आणली आणि पटावर फक्त राजे व प्यादी ठेवली. मग त्याचा काळा राजा पटाच्या मधून चालत निघाला तो पांढऱ्याच्या कडेच्या प्याद्यापाशी जाऊन थांबला. ते एक प्यादे राखण्यात पांढरा राजा कोपऱ्यात अडकला, आणि तेवढ्यात काळ्या प्याद्यांनी बाजी मारली. अदलाबदल करण्याआधीच हा सगळा प्रवास त्याने मनात मोजलेला असणार, नाहीतर ती करण्याचे धाडस कोण करतो? अठरा डावांनंतर लास्कर आणि रुबिनस्टाईन दोघांचे साडेचौदा गुण झाले. पुढच्या दोघांचे, दुरास आणि स्पिलमनचे, अकरा. म्हणजे त्या दोघांत आणि बाकी जगात साडेतीन गुणांची दरी पडली होती.

दोन वर्षांनी सान सेबास्तियनला बावीस वर्षांचा कापाब्लांका युरोपात पहिल्यांदा उतरला आणि जिंकला. स्पर्धेत त्याला एकच पराभव पाहावा लागला, रुबिनस्टाईनकडून. रुबिनस्टाईन एकही डाव न हरता अर्ध्या गुणाने मागे राहिला. त्यानंतर १९१२ आले, आणि लास्करलाही त्याचे आव्हान बाजूला सारणे शक्य राहिले नाही. १९१४ च्या शरद ऋतूत दोघांचा सामना व्हावा असे ठरत आले होते.

पण १९१४ उजाडले ते वाईटच. वसंतात पुन्हा सेंट पीटर्सबर्गलाच स्पर्धा झाली. प्राथमिक फेरीतल्या अकरा जणांतून पाच अंतिम फेरीत जाणार होते. रुबिनस्टाईन त्या पाचांत नव्हता. लास्करनेही या वेळी त्याला हरवले. लास्कर, कापाब्लांका, अलेखाइन, टाराश आणि मार्शल पुढे गेले. जुलै अखेरीस जर्मनीत मानहाइमची स्पर्धा चालू असतानाच महायुद्ध पेटले आणि रशियाचे म्हणून अलेखाइन, बोगोल्युबोव यांना तिथे अटकेत ठेवण्यात आले. रुबिनस्टाईन पोलंडमध्ये होता, आणि पूर्व आघाडी पोलंडवरून गेली. सामन्याचा विषय मिटला. लास्करने किताब सोडला तो १९२१ मध्ये हवानाला, कापाब्लांकाकडून हरून.

आता रुबिनस्टाईनच्या मनाच्या आजाराविषयी. चाल केली की तो टेबलावरून उठून दालनाच्या एखाद्या कोपऱ्यात जाऊन उभा राही. आपल्यावर माशी येऊन बसते आहे असा भास त्याला खेळताना होई, असे समकालीनांनी लिहून ठेवले आहे. पुढे माणसांची भीती वाढत गेली, ओळखीच्यांचीसुद्धा. बुद्धिबळावरच्या चटकदार लेखनात रुबिनस्टाईन भेटतो तो बहुतेक याच गोष्टींतून, आणि प्रत्येक सांगणारा त्यात आपली भर घालतो. मला ते सहन होत नाही. आजारी माणसाचे हाल म्हणजे करमणूक नव्हे. आणि दुसरे म्हणजे या गोष्टींच्या गर्दीत एक साधी वस्तुस्थिती झाकली जाते. भीती शेजारी बसलेली असताना हा माणूस आणखी वीस वर्षे जगातल्या पहिल्या फळीत खेळला.

युद्धाच्या काळात, १९१७ मध्ये त्याचे लग्न झाले. पत्नीचे नाव युजेनी. युद्ध संपल्यावर १९२० मध्ये स्वीडनमध्ये त्याने बोगोल्युबोवला सामन्यात हरवले. १९२२ च्या अखेरीस व्हिएन्नाची स्पर्धा त्याने अलेखाइन, टार्टाकोवर यांना मागे टाकून जिंकली. जगज्जेतेपदाची आशा पुन्हा जागी होण्याजोगी ही कामगिरी होती. पण त्याच वर्षी लंडनमध्ये कापाब्लांकाने सामन्याचे नियम लिहून काढले होते, आणि त्यात आव्हानवीराने किमान दहा हजार डॉलरची रक्कम जमवावी अशी अट होती. त्या नियमांवर सही करणाऱ्यांत रुबिनस्टाईनही होता. अलेखाइनला पुढे अर्जेंटिनातून पाठबळ मिळाले, त्याने १९२७ मध्ये ब्युनोस आयर्सला सामना खेळून किताब घेतला. रुबिनस्टाईनसाठी अशी रक्कम कुणी उभी केली नाही. दुसऱ्यांदा तो पटाबाहेर हरला.

खेळातले त्याचे देणे मात्र याच काळात पक्के होत गेले. त्याच्याआधी बहुतेक खेळाडूंसाठी ओपनिंग ही एक गोष्ट होती आणि एंडगेम ही वेगळी. रुबिनस्टाईन पहिल्या दहा चालींतच प्यादी अशी मांडून ठेवी की तीस चालींनंतर हत्तींचा जो शेवट येईल तो आपल्या बाजूने झुकलेला असावा. १९०८ मध्ये लोद्झला साल्वेविरुद्धचा त्याचा डाव याचा उत्तम नमुना आहे. त्यात त्याने साल्वेच्या मधल्या प्याद्यांसमोरची दोन घरे ताब्यात घेतली, प्यादी जागच्या जागी थिजवली आणि मग सावकाश उचलली. निम्झो-इंडियन बचावात पांढऱ्याची सर्वांत भरवशाची मांडणी त्याच्या नावाने ओळखली जाते. फ्रेंच बचावात आणि चार घोड्यांच्या खेळातही त्याच्या नावाच्या शाखा आहेत. १९२४ मध्ये मेरान या गावी ग्रुनफेल्डविरुद्ध काळ्या बाजूने त्याने वजिराच्या बाजूची प्यादी पुढे रेटण्याची जी पद्धत वापरली, तिला गावाचेच नाव मिळाले. चौऱ्याऐंशी वर्षांनी बॉनमध्ये विश्वनाथन आनंदने क्रामनिकविरुद्ध काळी सोंगटी घेऊन जे दोन डाव जिंकले आणि जगज्जेतेपद राखले, ते दोन्ही मेरानचे.

उतार दिसत होता. १९२५ मध्ये मारिएनबादला तो निम्झोविचबरोबर पहिला आला, पण त्याच वर्षी मॉस्कोत खूप मागे पडला. १९२८ मध्ये यूवेविरुद्ध आणि १९३० मध्ये अलेखाइनविरुद्ध तो ओपनिंगमधल्या एकाच सापळ्यात दोनदा सापडला आणि दोन्ही वेळा प्यादे गमावले. थकलेल्या मनाची ही खूण असावी. पण त्याच १९३० च्या उन्हाळ्यात हॅम्बुर्गला ऑलिम्पियाड झाले. पोलंडच्या पहिल्या पटावर रुबिनस्टाईन, त्याच्यामागे टार्टाकोवर, प्शेपुर्का, माकार्चिक, फ्रिदमान. एकोणपन्नास वर्षांच्या रुबिनस्टाईनने सतरा डाव खेळले, तेरा जिंकले, चार बरोबरीत सोडवले, हरला एकही नाही. पहिल्या पटावर म्हणजे प्रत्येक देशाच्या सर्वोत्तम खेळाडूसमोर. पोलंडने सुवर्णपदक जिंकले. त्याच्या कारकिर्दीतला हा पराक्रम मला १९१२ इतकाच मोठा वाटतो, आणि त्याची आठवण त्या मानाने फार कमी काढली जाते.

पुढच्या वर्षी प्रागच्या ऑलिम्पियाडमध्ये पोलंड दुसरा आला. तिथे ब्रिटनकडून खेळणाऱ्या एका पंजाबी खेळाडूने रुबिनस्टाईनला हरवले. त्याचे नाव मीर सुलतान खान. आपल्याकडच्या जुन्या देशी नियमांवर वाढलेला आणि दोनच वर्षांपूर्वी आपले आश्रयदाते सर उमर हयात खान यांच्याबरोबर लंडनला गेलेला हा माणूस. उशिरा शिकलेले, पुस्तकी वाटेने न आलेले आणि डावाच्या शेवटात भल्याभल्यांना भारी पडणारे असे ते दोघे एका पटावर समोरासमोर बसले होते.

१९३२ नंतर रुबिनस्टाईन स्पर्धांत दिसला नाही. कुटुंब बेल्जियममध्ये स्थिरावले होते. उरलेली जवळजवळ तीस वर्षे त्याची घरी आणि मनोरुग्णांच्या आरोग्यधामात गेली. मे १९४० मध्ये जर्मन फौजा बेल्जियममध्ये आल्या. मेखेलेनच्या छावणीतून पंचवीस हजारांहून अधिक माणसे, बहुतेक सगळे ज्यू, आउश्वित्झला धाडली गेली. हॅम्बुर्गच्या सुवर्ण संघातला त्याचा सोबती दाविद प्शेपुर्का १९४० मध्येच वॉर्साजवळच्या पाल्मिरीत मारला गेला. १९४१ च्या उन्हाळ्यात स्ताविस्कीतल्या ज्यूंची कत्तल झाली. रुबिनस्टाईन या सगळ्यातून वाचला.

युद्धानंतर काही खेळाडू त्याला भेटायला जात. बेल्जियमचा आल्बेरिक ओकेली त्याच्याकडून शिकला आणि पुढे ग्रँडमास्टर झाला. धाकटा मुलगा सामी १९४९ मध्ये बेल्जियमचा विजेता ठरला. १९५० मध्ये फिडेने पहिल्यांदा अधिकृत ग्रँडमास्टर जाहीर केले. सत्तावीस नावे होती आणि त्यांत रुबिनस्टाईनचे होते. लास्कर, कापाब्लांका, अलेखाइन तोवर हयात नव्हते. १९५४ मध्ये युजेनी गेली आणि १४ मार्च १९६१ रोजी अँटवर्पमध्ये तो.

त्याने स्वतः पुस्तक लिहिले नाही, आठवणी लिहिल्या नाहीत. मागे राहिले ते डाव, आणि ते दुसऱ्यांनी जमवले, छापले. मिन्स्कमध्ये वाढलेल्या बोरिस गेलफांडच्या हाती लहानपणी त्या डावांचे पुस्तक पडले आणि तो रुबिनस्टाईनचा भक्त झाला. आपल्या खेळावर सर्वांत मोठा ठसा त्याचाच असल्याचे गेलफांड सांगत आला आहे. हाच गेलफांड २०१२ मध्ये मॉस्कोत आनंदसमोर जगज्जेतेपदासाठी बसला. बारा डावांनंतर गुण समान राहिले, जलद डावांत आनंद जिंकला. काही महिन्यांनी, जानेवारी २०१३ मध्ये, हॉलंडमधल्या वाइक आन झे इथे आनंदने काळ्या बाजूने, मेरान पद्धतीनेच, अरोनियनला तेवीस चालींत हरवले. दोन्ही उंट पांढऱ्या राजावर रोखलेले, घोडा राजाच्या अंगणात, आणि हत्ती मारला जात असताना त्याकडे न पाहता पुढे रेटलेला हल्ला. डाव संपल्यावर या स्थितीवरून आपल्याला रोतलेवीविरुद्धचा डाव आठवला असे आनंदनेच सांगितले.